होडीवर दिवे दहा, पण वीज कुठून?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मूळचा मालवणचा, बरीच वर्षं मिनेसोटात, सेंट पॉलजवळ राहतो. ऑफिसातल्या मित्रांमुळे बोफिशिंगचा, म्हणजे रात्री होडीवर उभं राहून धनुष्यबाणाने मासे मारायचा नाद लागला. यंदा एक जुनी १८ फुटी, सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची होडी घेतली. मागे २५ अश्वशक्तीचं इंजिन, पुढे होडी हळूहळू हिंडवायला विजेवरची २४ व्होल्टची ट्रोलिंग मोटर. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, फळ्यांचा मंच बांधला आणि त्याच्या कडेने ५० वॅटचे दहा एलईडी फ्लडलाइट लावले, दोन्ही बाजूंना पाच-पाच. ते इंजिनाच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले. गराजमध्ये १६ गेजची वायर उरली होती, तीच दोन्हीकडे टाकली. अंगणात लावून बघितलं तर दिवे मिणमिणतात, लुकलुकतात आणि वायर हाताला गरम लागते. मित्र म्हणतात, हे सोड, दोन हजार वॅटचा जनरेटर टाक आणि मोकळा हो. बायको म्हणते, जनरेटर आणलास तर मी होडीत पाय ठेवणार नाही. बॅटऱ्यांच्या किमती बघून माझ्या पोटात गोळा येतो. रात्री चारेक तास हिंडतो, जास्त नाही. काय करू?

आणखी एक. माझा काका रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर वाढलेला. तो फोनवर म्हणाला, 'लाइट लावून मासे मारायला बंदी आहे ना रे? तिकडे जाऊन तेच धंदे?' त्याला काय सांगू?

– नाळेवरचा मालवणी

उत्तर

नाळेवरचे मालवणी, नमस्कार.

जनरेटर की बॅटरी हे नंतर बघू. आधी ती १६ गेजची वायर काढा आणि ती काढेपर्यंत दिवे पुन्हा लावू नका, अंगणातसुद्धा. हाताला गरम लागणारी वायर होडीत, पेट्रोलच्या टाकीशेजारून जाते आहे. तुमच्या पत्रात फ्यूजचा उल्लेखही नाही, त्यावरून तो बसवलेला नाही असंच मी धरतो.

दिवे मिणमिणतात ते दिवे वाईट म्हणून नाही. ५० वॅटचा एक दिवा १२ व्होल्टवर साधारण ४.२ अँपियर ओढतो, म्हणजे एका बाजूचे पाच मिळून २१ अँपियर. मागच्या बॅटरीपासून नाळेपर्यंत सहा मीटर धरू. वीज जाते तशी परतही येते, म्हणून तार मोजायची बारा मीटर. १६ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १३ मिलिओहम असतो, बारा मीटरचा झाला जवळजवळ ०.१६ ओहम. त्यातून २१ अँपियर गेले की वाटेतच ३.३ व्होल्ट गळतात. दिव्याला पोचतात नऊच्या खाली. गळलेली वीज जाते कुठे? वायर तापवण्यात. एकेका बाजूला सुमारे ७० वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता त्या कव्हराच्या आत. त्यात अशा बऱ्याच एलईडी दिव्यांचा ड्रायव्हर, म्हणजे आतलं करंट सांभाळणारं सर्किट, व्होल्टेज पडलं की आपले वॅट राखायला जास्त करंट ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी पडतं, मग ड्रायव्हर दम सोडतो, बंद होतो, पुन्हा चालू होतो. तुमची लुकलुक ती हीच.

दुसरी चूक मला वायरपेक्षा मोठी वाटते. इंजिन चालू करायची बॅटरी दिव्यांना जोडायची नाही. ती क्षणभर भरपूर करंट द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास पुरवायला नव्हे. दहा दिवे मिळून ४२ अँपियर ओढले की तासा-दीड तासात ती इतकी उतरेल की इंजिन सुरू होणार नाही. २५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड तिला भरून काढेल म्हणाल, तर त्याचं चार्जिंग फार तर दहा-पंधरा अँपियरचं, तेही वेगात असताना. मासे शोधताना तुम्ही ते इंजिन बंदच ठेवता. रात्री एक वाजता, लव्हाळ्यात, इंजिन मुकं. फोनला रेंज असेल तर मित्राला उठवायचं. ही बॅटरी फक्त इंजिन, तळातलं पाणी उपसायचा बिल्ज पंप आणि नेव्हिगेशनचे दिवे यांच्यासाठी राखून ठेवा.

आता हिशेब. दिव्यांची ताकद मोजायची वॅटमध्ये, पण बॅटरी घ्यायची वॅट-तासांवर. दहा दिवे म्हणजे ५०० वॅट, चार तास म्हणजे २,००० वॅट-तास. एवढी वीज होडीत न्यायची आहे. ती कशात भरून न्यायची, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

हे ५०० वॅट खरे आहेत का, तेही एकदा तपासा. स्वस्त एलईडीवर लिहिलेले वॅट आणि प्रत्यक्ष ओढलेले वॅट यांचा संबंध अनेकदा दूरच्या नातेवाइकांसारखा असतो. 'शंभर वॅट'वाला पन्नासही ओढत नाही, असं सर्रास दिसतं. डीसी मोजणारा क्लँप मीटर घ्या. नुसता एसीवाला चालत नाही, घेताना बघा. एकेका दिव्याचा करंट मोजा आणि पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर करा, खोक्यावरच्या नाही.

शिशाच्या, म्हणजे लेड-अ‍ॅसिड डीप-सायकल बॅटऱ्या घेतल्या तर त्यांच्या निम्म्याच क्षमतेवर विसंबायचं असतं. रोज अर्ध्याखाली उतरवल्या की त्या लवकर मरतात. शिवाय बॅटरीवर लिहिलेले १०० अँपियर-तास हे वीस तासांत सावकाश, पाच अँपियरने काढले तर मिळतात. तुम्ही चार तासांत उपसणार, तेव्हा कमी मिळतात. आणि मिनेसोटातल्या वसंतातल्या रात्री गोठणबिंदूच्या आसपास रेंगाळतात, त्यातही क्षमता घटते. सगळं धरून २,००० वॅट-तास हवे तर १०० अँपियर-तासाच्या चार बॅटऱ्या लागतील. एकेक सत्तावीस-तीस किलोची, म्हणजे एकूण सव्वाशे किलोच्या घरात. होडीवर क्षमतेची पट्टी ठोकलेली असते, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते सांगणारी. ती वाचा. नाळेवर मंच, त्यावर दोन धनुर्धारी आणि आत सव्वाशे किलो शिसं: अशी होडी पुढे झुकून चालते.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्यांची किंमत बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण त्यांचा ८० टक्के भाग निर्धास्त वापरता येतो, शेवटपर्यंत व्होल्टेज फारसं पडत नाही, आणि १२.८ व्होल्ट १०० अँपियर-तासाची एक बॅटरी अकरा-तेरा किलोची असते. तशा दोन म्हणजे २,५६० वॅट-तास. त्याचे ८० टक्के २,०५० च्या आसपास. तुमचे चार तास नेमके बसले. वजन पंचवीस किलो.

आणि आता माझ्या मते तुमच्या पत्रातलं खरं उत्तर: दिवे २४ व्होल्टवर चालवा.

तेच ५०० वॅट २४ व्होल्टवर फक्त २१ अँपियर ओढतात. करंट निम्मा झाला की त्याच तारेतला गळणारा व्होल्ट निम्मा होतो, आणि एकूण व्होल्टेज दुप्पट असल्याने टक्केवारी चौथाईवर येते. १२ व्होल्टवर दहाही दिवे एका जोडीतून न्यायचे तर व्होल्टेजची घट तीन टक्क्यांच्या आसपास ठेवायला ४ गेजची जाड केबल लागेल (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड), बोटाएवढी, वाकवायला कटकटीची आणि महाग. २४ व्होल्टवर ८ गेज पुरते, त्यात अर्धा व्होल्ट जातो, म्हणजे दोन टक्क्यांच्या थोडा वर. बॅटरीत घालायचे पैसे थोडे तरी तारेत वाचतात.

तुमचे दिवे २४ व्होल्ट घेतात का, हे त्यांच्या मागच्या पट्टीवर लिहिलेलं असेल. गाड्यांसाठी बनवलेल्या बऱ्याच डीसी फ्लडवर १० ते ३० व्होल्ट असं असतं, तसं असेल तर काहीच बदलायला नको. नुसतंच १२ लिहिलं असेल तर २४ लावून बघायचा मोह टाळा. ते परत करा आणि दुसरे आणा. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ करणार असाल तर त्या सिरीजमध्ये जोडायला बनवणाऱ्याची परवानगी आहे का ते आधी बघा. आतली संरक्षक सर्किट सगळ्यांची ते सहन करत नाहीत. दोन्ही एकाच बनावटीच्या, एकाच वयाच्या हव्यात, आणि जोडण्याआधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज केलेल्या. हा जाच नको असेल तर सरळ २४ व्होल्टची एकच बॅटरी घ्या. मी तीच घेतली असती.

ट्रोलिंग मोटरला २४ व्होल्ट आहेतच, त्याच बॅटऱ्यांवर दिवे टाकले तर, असा विचार तुमच्या मनात आलाच असेल. नको. मोटर जोरात चालवली तर एकटी पन्नास अँपियरच्या आसपास खाते. दोघं एका ताटात जेवायला बसले की दोघंही अर्धपोटी राहतात, आणि वारा सुटलेला असताना मोटर बंद पडली तर होडी काठावरच्या खडकांवर कोण जाऊन थांबवणार? दिव्यांची बॅटरी वेगळी ठेवा.

खर्च कमी करायचा खरा मार्ग मात्र बॅटरीच्या दुकानात नाही, तुमच्या मंचावर आहे. दहा दिवे लागतातच असं कुणी सांगितलं? तुम्ही दोन-चार फूट पाण्यात, होडीच्या पुढच्या अर्धवर्तुळात मारता. मागच्या बाजूचे चार दिवे काढून सहाच ठेवले तर ३०० वॅट, चार तासांचे १,२०० वॅट-तास. २४ व्होल्ट ६० अँपियर-तासाची बॅटरी त्याला पुरते. आधी सहावर एक-दोन रात्री काढा. कमी वाटले तर वाढवा, जोडायला जागा ठेवा.

कमी दिवे पुरतात की नाही हे ते कुठे बसवलेत त्यावर ठरतं, किती आहेत त्यावर नाही. दिवे मंचाच्या फळीखाली, पाण्याच्या शक्य तितके जवळ, आणि तोंड खाली करून बसवा. डोळ्याच्या पातळीवर किंवा खांबावर लावलेला दिवा गढूळ पाण्यातल्या कणांवर आपटून सरळ तुमच्याच डोळ्यात परततो, म्हणून जास्त वॅट लावले की जास्त पांढरं धुकं दिसतं, मासा नाही. फार आडवा ठेवला तर प्रकाश पृष्ठभागावरूनच निसटून समोरच्या घराच्या खिडकीत जातो. दिव्याच्या वरच्या बाजूला पत्र्याची एक पट्टी वाकवून लावा, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याला दिवाच दिसणार नाही. रंगाबद्दल: गढूळ, चहासारख्या पाण्यात पिवळसर, ३,००० केल्व्हिनच्या आसपासचा प्रकाश बरा. स्वच्छ तळ्यात ५,००० च्या वरचा पांढरा चालतो. जुने लोक हाय-प्रेशर सोडियमचे नारिंगी दिवे अजून सोडत नाहीत त्यामागे हेच आहे, निव्वळ हट्ट नाही. पिवळ्यावर किडेही कमी येतात. उन्हाळ्यात मिसिसिपीवर मेफ्लाय उठतात तेव्हा त्यांचे थवे हवामान खात्याच्या रडारवर दिसतात. त्या रात्री पांढरा दिवा लावून तोंड उघडं ठेवू नका.

आता मित्रांचा जनरेटर. त्यांना मी सरसकट खोटं पाडणार नाही. चांगला इन्व्हर्टर जनरेटर, समजा होंडाचा ईयू २२०० आय, १,८०० वॅट सलग देतो, सुमारे एकवीस किलोचा असतो आणि पाव भारावर, म्हणजे साधारण तुमच्या दहा दिव्यांएवढ्या भारावर, एका टाकीत आठ तास चालतो. टाकी गॅलनभरापेक्षाही किंचित लहान. एवढ्या किमतीत एवढी वीज बॅटरी देत नाही. जे लोक रात्रभर स्पर्धा खेळतात, सोडियमचे चार-चार मोठे दिवे बॅलास्टसकट चालवतात, त्यांना दुसरा पर्याय नाही. १२० व्होल्टवर ५०० वॅट म्हणजे जेमतेम चार अँपियर, म्हणून त्यांना तारेची चिंता नसते. तुमच्या मित्रांना १६ गेजही पुरत असेल, ती त्यामुळे.

पण तुम्ही चार तास हिंडता, आणि तुमच्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे. ती आवाजामुळे म्हणत असेल, माझी कारणं वेगळी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अमेरिकेतली ग्राहक सुरक्षा आयोगाची सूचना अशी की जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर ठेवा. तुमची अख्खी होडी १८ फुटांची. उघड्यावर धूर उडून जातो हे खरं, पण तुम्ही मंद चालता, आणि मागून झुळूक असली की धूर तुमच्याबरोबरच पुढे येतो, आणि कुणी थकून मंचाखाली बसलेलं असतं. दुसरं पेट्रोल. गरम जनरेटरमध्ये अंधारात, डुलत्या होडीत इंधन ओतणं हा प्रकार मला बघवत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साठते, आणि हे जनरेटर ठिणगी कोंडायच्या हिशेबाने बनवलेले नसतात. तिसरं, १२० व्होल्ट आणि गोडं पाणी. समुद्रापेक्षा तळं यात अधिक धोक्याचं, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर विजेला सोपी वाट देतं. ५ मिलिअँपियर गळती झाली की तोडणारा जीएफसीआय प्लग हवाच, आणि तो असला तरी उरलीसुरली घरगुती एक्सटेन्शन ओल्या फळ्यांवरून ओढायची नाही. २४ व्होल्टवर या तिन्ही गोष्टींची भीती नाही. तिथे भीती एकच, शॉर्ट होऊन आग लागायची, आणि तिच्यावर उपाय स्वस्त आहे.

तो उपाय म्हणजे फ्यूज, आणि तो बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून, सात इंचांच्या आत. होड्यांच्या वायरिंगसाठी अमेरिकेत जे मानक पाळतात त्यात हेच अंतर आहे. फ्यूज दिव्यांना वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो, म्हणून दिव्यांजवळ लावून उपयोग नाही. तुमच्या ८ गेजच्या मुख्य तारेला ३० अँपियरचा फ्यूज ठेवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यावर हजारो अँपियर फेकू शकते, तेव्हा गाडीतला पात्याचा फ्यूज इथे मुख्य म्हणून लावू नका, बॅटरीच्या टोकावर बसणारा मरीन फ्यूज मागा. पुढे नाळेजवळ झाकणाची फ्यूजपेटी, तिथून प्रत्येक दिव्याला ५ अँपियरचा वेगळा फ्यूज. तिथून दिव्यापर्यंतच्या हातभर तुकड्याला तुमची १६ गेज खुशाल वापरा, दोन अँपियरला ती भरपूर आहे. बघा, फुकट गेली नाही. फक्त तांबं उघडं पडू देऊ नका. बाकी सगळीकडे कथील चढवलेली मरीन वायर घ्या. साधं तांबं दोन हंगामांत आतून हिरवं होतं आणि रोध वाढतो. जोड क्रिम्प करायचे, म्हणजे पकडीने दाबून बसवायचे, वर आत डिंक असलेली हीट-श्रिंक नळी. पीळ देऊन टेप गुंडाळायची नाही.

आणि होडी अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणून ऋण तार वाचवून होडीच्याच अंगातून परतीची वीज न्यायची नाही, गाडीत करतात तशी. होडी कुरतडली जाते. प्रत्येक दिव्याला धन आणि ऋण अशा दोन्ही तारा बॅटरीपर्यंत यायला हव्यात.

चार्जिंग घरी, गराजमध्ये, लिथियमसाठीच्या चार्जरने. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, कायमची खराब होते. वापरायला मात्र थंडी चालते. एप्रिल-मेमध्ये रात्री होडीतच सोडून सकाळी चार्जर लावायची सवय असेल तर ती मोडा. आणि पैसे वाचवायला ती आउटबोर्डच्या चार्जिंगला थेट जोडू नका.

नेव्हिगेशनच्या दिव्यांबद्दल एवढंच. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पुढे लाल-हिरवा आणि चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हवा. तुमच्यासारख्या छोट्या होडीचा पांढरा दोन मैलांवरून आणि बाजूचे एक मैलावरून दिसले पाहिजेत. नियम असाही आहे की दुसरे दिवे यांना झाकता कामा नयेत. दहा फ्लडच्या लखलखाटात तुमचा लाल-हिरवा दिवा दिसतो का, हे एकदा मित्राच्या होडीतून बघून घ्या. पांढरा दिवा उंच खांबावर न्या. हे दिवे इंजिनाच्या बॅटरीवर, म्हणजे फ्लड विझले तरी हे चालू राहतील.

मिनेसोटाचा रात्रीच्या बोफिशिंगचा नियम तुम्हाला मित्रांनी सांगितला असेल असं मी धरत नाही. होडीपासून ५० फुटांवर आवाज ६५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. चांगला इन्व्हर्टर जनरेटर यात बसतो, बांधकामावरचा उघडा जनरेटर बसणं कठीण. लोक राहत असलेल्या घरापासून १५० फुटांच्या आत आणि कॅम्पसाइटपासून ३०० फुटांच्या आत बाण सोडायचा नाही. मारलेला मासा पाण्यात परत टाकायचा नाही आणि काठावर फेकायचा नाही. हा शेवटचा नियम मोडणारे खूप आहेत, आणि तळ्याकाठची घरं या खेळावर चिडतात ती बहुतांशी सकाळी दारात आलेल्या वासामुळे. परतीची पेटी आणि बर्फ हिशेबात धरा.

आता काका. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडायला बंदी घातली, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपल्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंड जबर केले. त्या होड्यांवर किलोवॅटांनी दिवे असतात आणि ते बघण्यासाठी नसतात, बोलावण्यासाठी असतात. उजेडाखाली बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे बांगडा, तारली, म्हाकूळ, आणि मग पर्ससीन जाळं अख्ख्या थव्याला, पिल्लांसकट, वेढून घेतं. रापणकराच्या वाट्याला रिकामं पाणी उरतं. मालवणात हा झगडा किती पेटला ते काकांनी डोळ्यांनी पाहिलं असणार, त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

तुमचा दिवा मासा बोलावत नाही, दाखवतो. एका बाणाला एक मासा, तोही ओळखून. काकांना पहिल्या पावसातले चढणीचे मासे आठवत असतील, बत्ती आणि कोयती घेऊन शेतातल्या पाण्यात उतरणारे लोक आठवत असतील. तुम्ही करता ते त्याच्या जवळचं आहे. मात्र एक फरक त्यांना सांगा, तो तुमच्या बाजूचा आहे. चढणीला आपण अंडी घालायला निघालेला आपलाच देशी मासा मारतो. तुमच्या इथला मुख्य शिकार असलेला कॉमन कार्प, जो आपल्याकडे तलावांत सायप्रिनस म्हणून विकला जातो, अमेरिकेचा नाही. तिथल्या सरकारी मत्स्य आयोगानेच १८७७ पासून तो आणून देशभर वाटला, खायला चांगला म्हणून, आणि आता तो तळ उकरून, पाणवनस्पती उपटून पाणी गढूळ करतो म्हणून त्याच्यामागे लागले आहेत. तो मारल्याने तळ्याचं नुकसान नाही.

पण दिव्यात दिसलेलं सगळं कार्प नसतं. बफेलो मासा वरून कार्पसारखाच दिसतो, शिवाय गार (gar) आणि बोफिन नावाचे मासे आहेत, हे सगळे तिथले मूळचे रहिवासी. बफेलो कित्येक दशकं जगतो, माणसाएवढं आयुष्य काढलेला मासा एका बाणात संपतो. कार्पच्या तोंडाशी मिशा असतात, बफेलोला नसतात. ती खूण दिसेपर्यंत दोरी ओढून थांबायला शिका. चांगला प्रकाश हवा तो यासाठी. देशी माशांच्या मर्यादा राज्याच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत बघा.

आणि मालवणी आहात म्हणून वेगळं लिहितो. गार मारलात तर मांस खा, चांगलं लागतं. त्याची गाभोळी मात्र तव्यावर टाकू नका. गारची अंडी माणसाला विषारी आहेत, तळून-शिजवून ती खाण्याजोगी होतात या भरवशावर राहू नका. मांजरालाही घालू नका. कार्पच्या गाभोळीला ही अडचण नाही, पण कुठल्या तळ्यातला मासा महिन्यातून किती वेळा खावा याची यादी राज्याचा आरोग्य विभाग काढतो, पाऱ्यामुळे. ती घरी फ्रिजवर लावा.

सगळं जोडून झालं की लगेच पाण्यात जाऊ नका. अंगणातच ट्रेलरवर दिवे पूर्ण चार तास लावा. पहिल्या अर्ध्या तासाने मुख्य फ्यूज, फ्यूजपेटी आणि प्रत्येक जोड हाताने चाचपा, कोमटाहून गरम लागेल तो जोड पुन्हा करा. दिव्याच्या टोकावर व्होल्टेज मोजा, बॅटरीपाशी मोजा, दोन्हींत अर्ध्या-पाऊण व्होल्टहून जास्त फरक असेल तर कुठेतरी क्रिम्प ढिला आहे. चार तासांनी बॅटरीत किती उरलं ते बघा. पाचव्या हिश्श्याहून कमी उरलं असेल तर दोन दिवे काढा.